चार विटा आणि चाळीस मिनिटं

आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, नाहीतर नुसती चहाला जमलेली चार माणसं असोत, बायको एक गोष्ट हमखास सांगते आणि सगळे माझ्याकडे बघून हसतात. विटांची गोष्ट. ती मी इतक्यांदा ऐकली आहे की हशा नेमका कुठे होणार ते मला आधीच कळतं आणि त्या सुमाराला मी पाणी प्यायला उठतो. आज म्हटलं, आपणच सांगून टाकावी. निदान पाणी तरी वाचेल.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बदलापूरला कात्रपमध्ये नव्या इमारतीत तळमजल्यावर आम्ही राहायचो. आम्ही म्हणजे मी, बायको आणि माझी आई. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी माल तपासायचं काम करत होतो. तयार झालेली वस्तू मापायची आणि पास नाहीतर नापास म्हणायचं. माझ्या हाताखालून चुकीचा एक बोल्ट जात नाही, असं मी घरी सांगत असे. गेलेले आहेत, पण ते घरी सांगत नसे.

बायकोला दिवस होते आणि डॉक्टरीणबाईंनी तिला पूर्ण झोपून राहायला सांगितलं होतं. शिवाय पलंगाची पायांकडची बाजू वर हवी, दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा लावा म्हणाल्या. म्हणजे पोटातलं ओझं खाली येत नाही. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. तिथल्या वॉचमनकडून चार विटा मागून आणल्या, ब्रशने धुतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या. कारखान्यातून पाणसळ आणली. पाणसळ म्हणजे आत बुडबुडा असलेली काचेची नळी, ती ठेवली की सपाटी कळते. पलंग डावी-उजवीकडे सारखा उचलला गेलाय का ते पाहिलं. बुडबुडा बरोबर मध्ये. पास.

संध्याकाळी आई खोलीत डोकावली आणि दारातच थबकली. "अरे, हिचं डोकं उत्तरेला?"

आमच्यात उत्तरेकडे डोकं करून माणसाला एकदाच निजवतात, आणि तेव्हा ते तक्रार करत नाही. मी चटकन बायकोला हात देऊन फिरवलं, उशी दाराकडून उचलून खिडकीकडे ठेवली, चादर सारखी केली आणि समाधानाने जेवायला बसलो. विटा जिथल्या तिथे.

"अहो, मला बसल्यासारखं वाटतंय," ती रात्री म्हणाली.

"सवय नाही ना, म्हणून."

दुसऱ्या दिवशीही तिने तेच म्हटलं. मी तिला उतार आणि भार यांच्याबद्दल बरंच काही समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मळमळतंय म्हणून आईने तिच्या उशाशी लिंबू ठेवलं. ते उशीवरून सुटलं आणि गडगडत तिच्या पायांकडे गेलं. आम्ही तिघांनी त्या लिंबाकडे बघितलं. मग आई आणि बायकोने माझ्याकडे बघितलं.

हशाची जागा ती. बायको गोष्ट तिथेच संपवते. पुढचं मात्र ती कधीच सांगत नाही.

त्याआधी आमची दोन मुलं गेली होती. पहिलं पाचव्या महिन्यात, दुसरं सहाव्यात. दोन्ही वेळा फारसं दुखलं नाही की काही नाही. सकाळी ती म्हणाली, पोट जड वाटतंय, आवळल्यासारखं होतंय, आणि संध्याकाळी सगळं संपलेलं. दुसऱ्या खेपेनंतर ती कुणाकडे हळदीकुंकवाला जाईनाशी झाली. आईने नवस बोलायचे ते बोलून झाले. मी जादा पाळ्या करायला लागलो, कारण घरी येऊन काय बोलायचं ते मला सुचत नसे.

कारखान्यातल्या एका फिटरने उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. कॅम्प चारमध्ये त्यांचं छोटं हॉस्पिटल होतं, आणि मंगळवारची दुपार फक्त अशा बायकांसाठी राखलेली, ज्यांचे दिवस पुरे भरत नाहीत. आम्ही तिघं गेलो तेव्हा बाकांवर दहा-बाराजणी बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पायांखाली एकेक लाकडी स्टूल. कुणी कुणाला 'कितवं?' असं विचारत नव्हतं. तिथे सगळ्याच उत्तर जाणून होत्या.

डॉक्टरीणबाई सिंधी. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, मराठी-हिंदी एकाच वाक्यात कालवून बोलणाऱ्या. आईने सांगितलं, "तिसरा सरतोय." त्यांनी हात वर केला. "मावशी, महिना नको. हफ्ता बोला. महिन्यात चार दिवस इकडचे तिकडे होतात. माझं सगळं काम त्या चार दिवसांवर चालतं."

त्यांनी एक पिवळं कार्ड काढलं. त्यावर आठवड्यांचे चौकोन. अठ्ठावीस, चौतीस आणि सदतीस या आकड्यांखाली लाल रेघा ओढल्या. मग बायकोला समजावलं, "पिशवीचं तोंड सैल आहे. वजन वाढलं की खुलतं. बटव्याची नाडी ओढतो ना आपण? तसा एक टाका घालू. पण टाका म्हणजे कुलूप नाही हां. दुखायला लागलं आणि तुम्ही घरी बसून राहिलात, तर टाका आतल्या आत फाडून येतो. म्हणून दुखणं लवकर ओळखायचं. दुखायच्या आधी."

"दुखायच्या आधी कसं ओळखणार?" मी विचारलं.

"हाताने." त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. "पोट असं लागलं तर ठीक." मग नाकाचा शेंडा. "असं लागलं तर लक्ष ठेवा." मग कपाळ. "असं लागलं, म्हणजे पिशवी आवळते आहे. तासात चार वेळा कपाळ लागलं तर विचार करत बसायचं नाही. निघायचं. बाईला पुष्कळदा कळत नाही, ती म्हणते बाळ फिरलं. कधी कळतं पण बोलत नाही. म्हणून घरातला दुसरा हात पाहिजे." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही काय काम करता?"

"माल तपासतो."

"बास. हे पण तपासा. चोविसाव्या हफ्त्यापासून, रोज पाच वाजता, एक तास. सुट्टी नाही."

टाका पडला, पलंगाखाली विटा लागल्या (एकदा उलट्या, मग सुलट्या), आणि चोविसावा आठवडा लागल्यावर माझा हात कामाला लागला. पहिली पाळी करून मी साडेचारला घरी यायचो, हातपाय धुऊन पाचच्या ठोक्याला पलंगाशेजारी स्टुलावर बसायचो. आता हे लिहायला सोपं वाटतं. त्या काळी भर संध्याकाळी, आई स्वयंपाकघरात, शेजारणींची ये-जा चालू, आणि नवरा बायकोच्या पोटावर हात ठेवून तासभर बसलेला! दार लावावं तर जास्तच पंचाईत. शेवटी दाराला पडदा लावला. पडद्याबाहेर कुणाची चाहूल लागली की मी हात काढून वर्तमानपत्र उचलायचो. ते बरेचदा उलटं असायचं.

त्यात मला एका हाताने तिचं पोट आणि दुसऱ्याने स्वतःचं गाल-नाक-कपाळ चाचपून ताडून बघायला लागायचं. आईने एकदा पडद्याआडून पाहिलं आणि म्हणाली, "संध्या करतोस का रे? मुंजीनंतर पहिल्यांदाच बघतेय."

सव्विसाव्या आठवड्यात मला एकदम कपाळ लागलं. मी बायकोला रिक्षात घातलं आणि उल्हासनगर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी हात लावून बघितलं. "ही बाळाची पाठ आहे, भाऊ."

मी खाली मान घातली.

"मान वर करा," त्या म्हणाल्या. "दहा वेळा उगाच या. चालेल. अकराव्या वेळी लाजून घरी बसू नका, बस."

पण आमच्या इमारतीला त्यांचा हा नियम माहीत नव्हता. आठवडाभर जिन्यात जो भेटेल तो विचारायचा, "काय, आज उल्हासनगरची फेरी नाही?" वरच्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांत पुढे. तोंडाळ, पण एरवी माझी आई थकली की आमचा स्वयंपाकही त्याच करायच्या. त्यामुळे त्यांना काही बोलायची सोय नव्हती.

तिसावा आठवडा लागला आणि त्याच काकूंनी डोहाळजेवणाचं काढलं. बायको नको म्हणाली. दोन वेळा ती पायरी आलीच नव्हती, या वेळी आली तर त्या पायरीकडे बघायचीही तिला भीती वाटत होती. पण आई हळूच म्हणाली, "एकदा ओटी भरू दे गं मला." मग ती तयार झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उठायचं नाही. बाकी काय पाहिजे ते करा."

उठायचं नाही, तर झोपाळा कसा करणार? काकूंनी डोकं लढवलं: पलंगाचीच नाव करू. रविवारी दुपारपासून बायका लागल्या. पलंगाला निळी साडी गुंडाळली, पुठ्ठ्याचं शीड उभं केलं, कडेने झेंडूच्या माळा. विटांमुळे नाव डोक्याकडून बुडत चाललेली दिसत होती. त्यावरून एकमेकींना टाळ्या देत हसून झालं. बायको हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून त्या नावेत आडवी. चार वाजता आम्हा पुरुषांना घराबाहेर काढलं. मला सरबत ढवळायला म्हणून स्वयंपाकघरापुरती परवानगी होती.

पाच वाजले.

आत गाणी रंगात आली होती. खोलीत वीस-पंचवीस बायका. मी पळीने कोकमसरबत ढवळत होतो आणि घड्याळाकडे बघत होतो. म्हटलं, हे गाणं संपू दे. ते संपलं, दुसरं सुरू झालं. काकू ग्लास न्यायला आल्या तेव्हा मी धीर केला. "जरा आत यायचं होतं."

"कशाला? वाटीखाली पेढा निघाला की बर्फी, ते बघायला?" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "थांबा, सांगू आम्ही बाहेर येऊन!" आतून हशाची लाटच आली. "आज हात राहू दे हो एक दिवस!" आणखी कुणीतरी ओरडलं. म्हणजे पडद्याचा काही उपयोग झालेला नव्हता.

मी कानापर्यंत लाल झालो आणि परत सरबत ढवळायला लागलो. सुट्टी नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण एवढ्या बायकांत, ओटी भरताना, मी जाऊन... एक दिवस तासभर उशिरा झालं तर काय होतंय? सव्वापाच. साडेपाच. साखर केव्हाच विरघळली होती.

पाच-चाळीसला मी पडदा थोडासा सारून आत पाहिलं. ओटी भरून झाली होती. सगळ्याजणी कुणाच्या तरी उखाण्यावर हसत होत्या. बायको हसत नव्हती. ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

मी आत गेलो. कसा गेलो ते मला आठवत नाही. हातातली पळी मात्र तशीच होती, कारण काकूंनी ती काढून घेतली. "अहो, पुरुषांचं काय काम—" असं त्यांनी सुरू केलं आणि माझं तोंड बघून थांबल्या. मी ओटीतला नारळ बाजूला ठेवला, पदराखालून पोटावर हात ठेवला. गाल. गाल. मग माझ्या तळव्याखाली पोट हळूहळू गोळा होत गेलं, जणू कुणी आतून मूठ आवळतंय. मी दुसरा हात कपाळाला लावला. कुणीतरी खुदकन हसलं, आणि कुणीतरी तिला गप्प केलं.

कपाळ होतं.

सैल पडलं. मी घड्याळ बघितलं. सात मिनिटांनी पुन्हा. या वेळी खोलीत कुणी हललंही नाही.

"झोपून झोपून वायू धरलाय तिला," आई म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "ओवा देते चावायला."

"मागच्यासारखं असेल हो," काकू म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. तसंच असू दे, असं त्यांनाही वाटत होतं.

मलाही वाटत होतं. पाठ असेल. मी चाचपून पाहिलं, पाठ दुसऱ्या अंगाला होती. बायकोला विचारलं, "दुखतंय?" तिने मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. तिसऱ्यांदा पोट आवळलं तेव्हा मी चौथ्याची वाट बघितली नाही. "निघायचं," मी म्हटलं.

समोरच्या घरातले गृहस्थ उल्हासनगरच्या गादीवाल्यांचा माल पोचवायचे. त्यांचा टेम्पो रविवारी दारातच उभा असे, आणि आत दोन कोऱ्या गाद्या होत्या. चौघांनी चादरीच्या चार टोकांना धरून तिला उचललं. काकू पुढे रस्ता मोकळा करत ओरडत होत्या, "सरा गं, सरा!" टेम्पोत एक गादी अंथरली, दुसरी गुंडाळून उशाला लावायला घेतली. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"अहो. पायांकडे."

मी गादी फिरवली.

"किती हळू घेऊ?" टेम्पोवाल्यांनी विचारलं.

"काचसामान समजा."

बदलापूर ते उल्हासनगर रस्ता तेव्हा होता म्हणायचा इतकंच. प्रत्येक खड्ड्याआधी ते टेम्पो जवळजवळ थांबवायचे आणि एकेक चाक उतरवायचे. आई ओटीतला नारळ मांडीवर धरून बसली होती. मी हात काढला नाही. अंबरनाथ येईपर्यंत आणखी तीनदा. दर वेळी बायको डोळे मिटून घ्यायची आणि तिच्या कानातली फुलं थरथरायची. रविवार म्हणून आमच्या कारखान्याचं गेट बंद होतं. तिथून पुढे सहा मिनिटांनी आवळायला लागलं.

डॉक्टरीणबाई हॉस्पिटलच्या वरच राहायच्या. खाली आल्या, फुलांचे दागिने बघितले आणि तिला आत नेलं. मी दाराशी उभा. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या.

"टाका ताणलाय. पण धरून आहे. कधीपासून चालू आहे हे?"

"पावणेसहा," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. मी हात ठेवला तेव्हापासूनचं ते खरं होतं.

त्यांनी सलाइन लावलं, त्यात पोट सैल पडायचं औषध. मग एक सुई घेऊन आल्या. "ही बाळाच्या छातीसाठी. आज एक, उद्या याच वेळेला दुसरी. बाळ आत्ता आलं तर त्याला श्वास घ्यायला जमेल न जमेल. मला दोन दिवस पाहिजेत. मग माझ्या हातात थोडंतरी काही आहे."

ते दोन दिवस मी कॉरिडॉरमधल्या बाकावर काढले. तिच्या खाटेच्या एका बाजूला हॉस्पिटलचे लाकडी ठोकळे लावलेले होते. सिस्टरने मला खाली वाकून बघताना पकडलं. "काय शोधताय?"

"काही नाही. बाजू बघत होतो."

सकाळी दहा मिनिटांनी आवळत होतं. दुपारी वीस. मी खिशातल्या पगाराच्या पाकिटावर आकडे लिहीत होतो आणि प्रत्येक आकड्यानंतर पुढचा येऊच नये असं वाटत होतं. सोमवारी संध्याकाळी दुसरी सुई दिली. मंगळवारी दुपारी नेहमीच्या बायका आल्या, स्टुलांवर पाय ठेवून बसल्या. त्यातली एक कुणाला न विचारता आत आली, बायकोच्या कपाळावर हात ठेवून गेली. त्या संध्याकाळी मी तासभर पोटावर हात ठेवून बसलो. गाल. शेवटपर्यंत गाल.

डॉक्टरीणबाईंनी घरी सोडलं नाही. पिवळ्या कार्डावरचे आणखी चार चौकोन त्यांनी स्वतःच्या नजरेखाली भरून काढले. चौतिसाव्याखालची लाल रेघ ओलांडली आणि दोन दिवसांत पाणी गेलं. त्यांनी टाका कापला. मुलगी झाली. दोन किलोहूनही कमी, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावेल एवढी. रडली ती बारीक आवाजात, पण स्वतःच्या छातीनं.

दोन आठवड्यांनी आम्ही तिला घरी आणलं. दुपारची वेळ होती. आई शेजारी बर्फी वाटायला गेली होती, बाळ झोपलं होतं आणि मी पलंगाखाली पडून विटा काढत होतो. वरून बायकोचा आवाज आला.

"त्या रविवारी सकाळपासूनच आवळत होतं."

मी पलंगाखालीच थांबलो.

"दोन्ही वेळा मीच आधी बोलले होते ना. म्हटलं, या वेळी माझ्या तोंडून नको निघायला. पाचला तुम्ही हात ठेवाल. तुमच्या हाताला कळलं, तर निघू."

"आणि मी सरबत ढवळत बसलो," मी म्हटलं. माझ्या नाकात विटेची धूळ गेली होती. निदान मी तसं समजत होतो.

मग खाली वाकून तिने माझ्याकडे पाहिलं.

"चाळीस मिनिटं लाजलात तुम्ही. ते मी कधी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "विटांचं मात्र सगळ्यांना सांगणार."